शॉकअपवरची लाल टिकली

सुट्टीचा दिवस आहे, उद्यमनगरातली मशिनं गप्प आहेत, आणि दुपारी तीनच्या सुमाराला वृषाली चौगुले लेथशेजारच्या बाकड्यावर जरा पाठ टेकते. जरा म्हणजे जराच. पाच वाजता इचलकरंजीचे एक गृहस्थ गाडी बघायला येणार आहेत, त्याआधी ती पुसून ठेवायची आहे. फडकं हातातच आहे. डोळे मिटायचे नाहीत, असं ती स्वतःला बजावते, आणि बजावता बजावताच ते मिटायला लागतात.

गाडी बाकड्याला लागूनच उभी आहे. वीस वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स मोटरसायकल, लाल-काळी, सासऱ्यांची. सासऱ्यांना ती मामा म्हणते, कोल्हापुरात म्हणतात तसं. मामा, म्हणजे बाळगोंडा चौगुले, जाऊन अकरा महिने झाले. चौऱ्याण्णव किलोचा माणूस. उजव्या हाताच्या एका बोटाचं पेर लेथला वाहिलेलं, आणि साठी उलटल्यावरही जुन्या गाड्यांच्या शर्यतीत पोरासोरांना धूळ चारण्याची हौस शेवटपर्यंत काही फिटली नाही. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी सुनेला या गाडीवर बसवलं. शेजारपाजारचे कुजबुजले, तेव्हा म्हणाले, "माझी सून हाय, माझी गाडी हाय. तुमचं काय पेट्रोल जळतंय?"

मामांची एक पद्धत होती. एखादा नट मनासारखा आवळला, एखादी गोष्ट मापात बसली, की तिच्यावर नेलपॉलिशची लाल टिकली लावायची. बाटली वृषालीच्या लग्नातल्या मेकअपच्या डब्यातली. तिनं ती एकदाच लावली, मामांनी थिनर घालघालून आठ वर्षं पुरवली. टिकली तुटली नसली म्हणजे नट हललेला नाही. वर्कशॉपचा नियम एकच, लाल टिकलीला हात लावायचा नाही. सख्खा मुलगा, वृषालीचा नवरा सन्मतीसुद्धा लावत नसे.

मामा गेल्यावर गाडी वृषालीनं घेतली आणि पगारातून जमेल तसं तिचं करत गेली. आधी ब्रेकचे चांगले पॅड, कारण पळण्याआधी थांबता आलं पाहिजे हे मामांचंच वाक्य. मग टायर, पुढच्या फोर्कमध्ये ताजं तेल, एअर फिल्टर, चेनच्या पुढच्या चक्राचा, स्प्रॉकेटचा, एक दात कमी. थोडक्या पैशात गाडी पुन्हा तरणी झाली. पळते झकास, पण वळत नाही. गेल्या रविवारी माळावरच्या ट्रॅकवर सरावाच्या वेळी डाव्या वळणावर, जिथं डांबर थोडं उचललंय, तिथं मागचं चाक असं उडालं की वृषाली थेट गवतात. अंगाला फारसं लागलं नाही, मनाला लागलं. येत्या रविवारी शर्यत आहे. "ही मामांचीच गाडी आहे," ती सन्मतीला म्हणाली. "मला नाही ऐकत. देऊन टाकू." बोलून गेली खरी, पण तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नाही.

आता बाकडं किंचित हलतं. लेथ फिरायला लागते, पण तिचा आवाज येत नाही.

"फडकं ओलं कर. कोरडं घासलंस तर रंगावर रेघा पडतील."

मामा स्टुलावर बसलेले आहेत. निळा शर्ट, खिशात स्टीलची पट्टी. उजव्या हाताचं बोट तिच्यासमोर नाचवतायत, आणि बोट अख्खं आहे.

"बघ. आलं परत."

"कुणी दिलं, मामा?"

"कोण देतंय? तिकडं लेथच न्हाई, मग जायचंच न्हाई बोट."

वृषालीला हसू येतं. मामा मेलेले आहेत हे तिला पक्कं ठाऊक आहे. त्यात वावगं मात्र काही वाटत नाही, जसं काही ते शिरोळला जाऊन आले आहेत.

"गाडी विकतेय मी," ती सांगून टाकते. कधीतरी सांगायचंच आहे.

"कळलं मला."

"रागावलात?"

"रागवायला काय झालं? तुझी गाडी, इक न्हाईतर लोणचं घाल. पर आधी एक फेरी मार. मी बसतो मागं."

आणि ती दोघं माळावरच्या ट्रॅकवर असतात. शटर कधी उघडलं, रस्ता कधी लागला, कुणी विचारत नाही. मामा मागं बसलेत, त्यांचा जडशीळ हात तिच्या खांद्यावर आहे. डावं वळण येतं. वृषालीची बोटं आपसूक ब्रेककडे जातात, पण गाडी मऊ लोण्यातून सुरी जावी तशी वळते. वळणाच्या मध्यावर त्यांचं स्वयंपाकघर आहे. आत्या, म्हणजे सासूबाई, ओट्याशी भाकरी थापतायत. मान वर न करता त्या म्हणतात, "चाकं पुसून या गं बाई आत." डांबराचा तो उंचवटा ओट्याखालीच आहे. मागचं चाक त्यावरून जातं आणि उडत नाही.

"बघितलंत?" वृषाली ओरडते. "गेली! सरळ गेली!"

"जाईलच. मी हाय न्हवं मागं."

"मग मी एकटी असले की काय होतं तिला?"

"तूच सांग. काय काय बदललंस?"

ती पाढा वाचते. पॅड, टायर, तेल, फिल्टर, स्प्रॉकेट. मामा प्रत्येक नावाला मान डोलावतात, परीक्षेतल्या बरोबर उत्तराला मास्तरांनी डोलवावी तशी.

"समदं ब्येस. पर रोग रेड्याला आन् इंजेक्शन पखालीला. मागचं शॉकअप?"

"त्याला नाही हात लावला."

"का?"

"त्यावर टिकली आहे."

गाडी थांबलेली आहे, आणि समोर आता गूळबाजार आहे. गुळाच्या ढेपा छपरापर्यंत रचलेल्या, वास गोड आणि ओला, आणि मधोमध छताला टांगलेला जुना तराजू, दोन माणसं बसतील एवढ्या पारड्यांचा. मामा एका पारड्यात मांडी घालून बसतात आणि दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

"बस."

"मामा, काहीतरीच काय."

"बस गं पोरी. सासऱ्यापुढं लाजायची सवय तुला कधी हुती?"

वृषाली बसते. ती पन्नास किलोचीही नाही. आपण झोपाळ्यासारख्या वर जाणार म्हणून ती साखळी घट्ट धरते. पण पारडं खाली जातं, अलगद, थेट जमिनीला टेकतं. समोर मामा वर गेलेले आहेत, छपराजवळ, गुळाच्या ढेपांच्याही वर, आणि तिथून तिच्याकडे बघून मिश्कील हसतायत.

"किती भरलो?"

"काहीच नाही," ती म्हणते. "तुमचं वजन काहीच नाही भरत, मामा." आणि ती रडते. मामा गेले त्या दिवशी माणसांच्या गर्दीत, चहा-पाण्याच्या धावपळीत राहून गेलेलं सगळं रडते. मामा रडू देतात.

"ती टिकली मी कुणाच्या वजनावर लावली?" जरा वेळानं ते विचारतात. आता ते खाली आहेत, तिच्या शेजारी, वर्कशॉपच्या फरशीवर उकिडवे बसलेले.

"तुमच्या."

"पाचव्या खाचंवर स्प्रिंग दाबून ठिवलीया मी, माझ्यासारख्या रेड्यासाठी. तुझ्या वजनाला ती दबतच न्हाई, मग उंचवट्यावर उडंल न्हाईतर काय करंल? अकरा महिनं झालं, ती गाडी मलाच घिऊन फिरतीया. तू आपली वर बसलीयास, पाव्हणीसारखी."

"पण नियम तुमचाच आहे. लाल टिकलीला हात लावायचा नाही."

"नियम जित्या माणसासाठी असतोय, पोरी."

"ती काढली तर गाडीवर तुमचं काय राहील?"

हे ती मोठ्यानं बोलली आहे की नाही, तिला कळत नाही. मामा मात्र ऐकतात. कपाळावरचा घाम मनगटानं पुसतात, विचार करताना पुसायचे तसा.

"तुला गाडी चालवाय कुणी शिकवली?"

"तुम्ही."

"मग? ते काय पाना लावून निघतंय व्हय?" ते तिचा हात धरतात आणि शॉकअपच्या, स्प्रिंग आवळणाऱ्या कड्यावर नेऊन ठेवतात. त्यांचा हात कोमट आहे. "नखानं खरवड. पॉलिश तुझीच हाय."

वृषाली अंगठ्याचं नख लावते. टिकली चिवट आहे, आठ वर्षांच्या थिनरची. पहिला पापुद्रा सुटतो.

दारातून आलेलं ऊन फरशीवर तिरपं झालंय. मामा ते बघतात आणि गुडघ्यांवर हात टेकून उठतात. बस्तीत, जैन मंदिरात, घेतलेला नेम त्यांनी आयुष्यभर पाळला, दिवस मावळल्यावर घास नाही.

"चल, जेवायची येळ झाली माझी."

"मामा, रविवारी याल?"

"जागा कुठं हाय? एकाचीच गाडी हाय ती," मामा म्हणतात, आणि लेथ थांबते.

वृषाली डोळे उघडते. पाऊण तास झालाय. ऊन खरंच तिरपं आहे, बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायला किका मारतंय. ती बाकड्याच्या कडेवर कुशीला वळलेली आहे, उजवा हात खाली लोंबतोय, आणि बोटं गाडीच्या मागच्या शॉकअपला टेकलेली. ती हात उचलून डोळ्यांसमोर धरते. अंगठ्याच्या नखाखाली लाल पापुद्रा आहे. कड्यावरची टिकली अर्धी खरवडलेली आहे.

तो पापुद्रा ती बराच वेळ बघते. मग टिकलीचा उरलेला अर्धा भागही खरवडते, दुसऱ्या बाजूच्या शॉकअपवरचीही. भिंतीवरचा आकडीसारखा पाना काढते, कड्याच्या खाचेत अडकवते आणि सगळा जोर लावते. कडं आधी कुरकुरतं, मग एक एक खाच सोडत पाचवरून दोनवर येतं. दोन्ही बाजूंना सारखंच.

ती गाडीवर बसते. अकरा महिने ती या गाडीवर चवड्यांवर उभी राहत आली आहे. आज गाडी तिच्याखाली जरा बसते, आणि दोन्ही टाचा फरशीला लागतात. वृषाली तशीच बसून राहते. मामा आता मागं नाहीत हे तिला पाठीला जाणवतं, आणि त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. पण टाचा टेकलेल्या आहेत.

मग ती उतरते आणि ड्रॉवरमधून बाटली काढते. तळाशी थोडं उरलंय. थिनरचे दोन थेंब टाकून हलवते, आणि कड्याच्या नव्या जागेवर, दोन्हीकडे, एकेक टिकली लावते.

बाहेर माणसांचे आवाज येतात. सन्मती शटरखालून वाकून आत येतो. "अगं, इचलकरंजीचे आलेत. गाडी बाहेर काढू का?" म्हणत तो हँडल सोडून मागच्या बाजूलाच हात घालायला जातो.

फरशीवर बसून टिकलीवर फुंकर घालणारी वृषाली मान वर करते.

"हात लावू नका, अहो," ती म्हणते. "टिकली ओली आहे."