आधी दशांश

पेटीचं दार उघडण्याआधी श्यामला पाटणकर एक श्वास सोडून द्यायची आणि पुढचा घ्यायची नाही. सव्वीस वर्षं, रोज सकाळी साडेआठला. पेटी हवामानाची होती, पांढरी, झडपांची, चार लाकडी पायांवर उभी, आणि तिच्या पोटात चार तापमापक. माणसाचा श्वास लागला तरी पारा हलतो, म्हणून श्वास धरायचा. अंगाची ऊब पोचायच्या आत आकडा टिपायचा, म्हणून आधी दशांश वाचायचा, मग अंश. अंश कुठे पळून जात नाही, दशांश जातो. पुण्याला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे तिला ज्यांनी शिकवलं, ते कधीच निवृत्त झाले होते. शिकवलेलं मात्र अंगात मुरलं होतं. दूध उतू जातंय का हे बघतानाही आमची ही श्वास धरते, असं तिचा नवरा विनायक चारचौघांत सांगायचा आणि हशा मिळवायचा.

चार वर्षांपूर्वी तिची बदली कोलकात्याला झाली. सॉल्ट लेकमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या मागे तारेच्या कुंपणातलं हिरवळीचं छोटं आवार होतं. पेटी तिथे होती, पर्जन्यमापक होता, आणि एका खांबावर आपोआप नोंद करणारं नवं यंत्र. विनायक पुण्यातच राहिला. त्याची बँक होती आणि अंथरुणाला खिळलेली आई होती. श्यामलाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि रोज रात्री आठचा फोन.

पहिला झटका आला गेल्या मे महिन्यात, करुणामयीच्या चौकात. शेअर ऑटोत मागच्या सीटवर ती तिघांत मधे बसली होती. सिग्नल लागला. एकाएकी छातीत धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळला, आणि आता आपण इथे, या दोन अनोळखी माणसांच्या मधे मरणार हे तिला अगदी स्वच्छ कळलं. ती माणसांवरून चढतच उतरली आणि फुटपाथवर बसली. चहावाल्यानं न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरलं. मागे राहिला तो थकवा, पर्वती तीनदा चढून उतरल्यासारखा.

ऑफिसात तिची सहकारी पियाली, तिशीची, तोंडानं फटकळ, हिनं निदान एका शब्दात उरकलं.

"गॅस."

"गॅसनं बोटांना मुंग्या येतात?"

"श्यामलादी, या शहरात गॅसनं काय वाट्टेल ते होतं. माझ्या काकांना तर गॅसनं वैराग्य आलं होतं."

श्यामलालाही ते पटलं, कारण तिच्या माहेरी त्यालाच पित्त म्हणत. दोन प्रांतांचं इतकं एकमत सहसा होत नाही. मग चार महिने गुलाबी पातळ औषध झालं. विनायकनं कुरियरनं मोरावळा पाठवला. हृदयाचा आलेख काढला, थायरॉइड तपासलं. सगळं ठीक आहे म्हटल्यावर ती जरा खट्टूच झाली. काहीतरी सापडलं असतं तर त्याला नाव असतं.

दुर्गापूजेनंतर पियाली तिला बागबाजारला आपल्या त्या काकांकडे घेऊन गेली. ते होमिओपॅथीचे डॉक्टर होते. गोड आवडतं की खारट, कुठल्या कुशीवर झोपता, पावसाळ्यात रडू येतं का, असं सगळं त्यांनी तासभर विचारलं आणि उलट्या लिपीत लिहावं तसं काहीतरी वहीत लिहिलं. "तुम्ही मराठी ना? तुमच्या त्या मराठी स्वारांना, आम्ही बर्गी म्हणायचो त्यांना, अडवायला इथूनच खंदक खणायला घेतला होता," ते म्हणाले. "बघा, तरी आलातच." श्यामला खूप दिवसांनी हसली. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या तिनं दोन महिने नेमानं घेतल्या. कांदा सोडला, कॉफी सोडली. झटके महिन्याला चार येत होते ते चारच येत राहिले.

झटक्यापेक्षा त्याची वाट बघणं तिला दमवत होतं. आधी तिनं ऑटो सोडली आणि चाळीस मिनिटं चालत यायला लागली. मग लिफ्ट सुटली. मग मासळीबाजाराशेजारची भाजीची गल्ली, मग रविवारचा सिनेमा. एकेक दार ती आपल्या हातानं लोटून घेत होती आणि लोटून झालं की सुटल्यासारखं वाटायचं, दोन दिवस. आवारात मात्र काही होणार नाही अशी तिची समजूत होती. त्या कुंपणाच्या आत जणू तिचा आणि झटक्याचा तह झाला होता.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी तो मोडला. गवतावर दव होतं. तिनं श्वास सोडला, दार उघडलं, डोळे पाऱ्याच्या रेषेत आणले, आणि पुढचा श्वास आलाच नाही. आला तो अर्धा, मग आणखी अर्धा, घाईघाईनं, एकावर एक. पारा दिसत होता पण आकडा होत नव्हता. तिनं पेटीचा पाय धरला, मग गवतावर बसली. साडी मागून भिजली. उठली तेव्हा नऊ वाजायला पाच मिनिटं होती.

साडेआठचं तापमान नऊला वाचता येत नाही. ते गेलेलं असतं.

तिनं पेटीचं दार लावलं, आत येऊन नोंदवही उघडली आणि सतरा पूर्णांक दोन असं लिहिलं. ओल्या फडक्याच्या तापमापकापुढे पंधरा पूर्णांक सहा. रात्रीचं किमान तेरा पूर्णांक चार. खाली सही. हात जराही थरथरला नाही, याचं तिला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

दुपारी न राहवून तिनं खांबावरच्या यंत्राची नोंद बघितली. साडेआठला सतरा पूर्णांक चार. दोन दशांशांचा फरक. कुणाला कधीही कळणार नव्हतं. तिला वाटलं होतं, हे बघून हायसं वाटेल. तसं झालं नाही. सव्वीस वर्षांत तिनं एकही आकडा मनानं लिहिला नव्हता. आता एक लिहिला होता, आणि तो छान जमला होता.

त्याच संध्याकाळी ती एका औषधांच्या दुकानामागच्या चेंबरमध्ये जाऊन बसली. तिथे आठवड्यातून दोनदा मनोविकारांच्या एक डॉक्टरबाई येत. बाहेरच्या बाकावर खोकणारे, बीपीवाले, मांडीवर नातू घेतलेली एक आजी. कोण कशासाठी आलंय ते कुणालाच कळत नव्हतं, हे एक बरं होतं.

डॉक्टरबाईंनी हिंदीत सगळं ऐकून घेतलं. मधेच विचारलं, "श्वास रोज धरता? का?"

श्यामलानं सांगितलं.

"त्यानं हा आजार होत नाही," त्या म्हणाल्या. "पण घाबरलेल्या शरीराला तेवढं निमित्तही पुरतं. घरात आग नसताना घंटा वाजते, असं समजा. घंटा खरीच वाजते. तुम्ही नाटक करत नाही आहात."

हे शेवटचं वाक्य ऐकून श्यामलानं पदरानं नाक पुसलं.

मग त्यांनी उपाय सांगितले. एक, रोजची गोळी, अगदी लहान मात्रेपासून. गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, सुरुवातीला जरा अस्वस्थ वाटू शकतं, आणि मनानं एकदम बंद करायची नाही. दुसरा, समुपदेशन, आठवड्याला एक तास, निदान तीन महिने. त्यात सोडलेल्या गोष्टी एकेक करून पुन्हा धरायच्या. "ऑटोसुद्धा," त्या म्हणाल्या. लगेच शांत करणारी गोळीही असते, पण तिची सवय लागते, म्हणून ती शक्यतो नको. "एकच निवडायला हवं असं नाही. दोन्ही चालतं. विचार करून सांगा."

"गोळीनं झापड येते का? मला दशांश वाचायचा असतो."

"आली तर वेळ बदलू."

आठच्या फोनवर विनायकनं तिसरा उपाय सांगितला.

"व्हीआरएस घे आणि ये. एकटी राहतेस, त्यानंच होतंय हे. तापमान बघायचंय ना? इथे मोबाईलवर दिसतं."

"तुझ्या मोबाईलला ते सांगतं कोण?"

"तू एकटीच सांगतेस का? देश चाललाय तुझ्या पेटीवर!" मग थांबून तो म्हणाला, "चेष्टा नाही करत. आईला आणि तुला, दोघींना एकदम बघणं मला दिवसा जमेल असं नाही, पण तू डोळ्यांसमोर तर असशील."

तिला त्याची दया आली, आणि मोहही झाला. घरी जायचं, कुणी तरी चहा करून द्यायचा, श्वास वाटेल तसा घ्यायचा. चार दिवस ती हाच विचार करत होती. भाजी चिरताना, चालताना. प्रत्येक वेळी विचार नोंदवहीच्या त्या पानापाशी येऊन अडायचा. निवृत्तीचा अर्ज दिला तर तो आकडा तसाच मागे राहणार. पन्नास वर्षांनी कुणीतरी सरासरी काढील, तेव्हाही तो त्यात असेल, शहाण्यासारखा, खऱ्यांच्या रांगेत बसलेला.

आणि सांगावं तर आवार जाणार. ज्याला झटके येतात त्याच्या हाती कोण वही देईल?

शनिवारी तिनं वही उचलली आणि विभागप्रमुख मुखर्जीबाबूंच्या टेबलावर नेऊन ठेवली. मंगळवारचं पान उघडून दिलं.

"हे मी वाचलेलं नाही. मनानं लिहिलंय."

मुखर्जीबाबूंनी चष्मा वर केला, यंत्राची नोंद काढली, ताडून बघितलं. "दोन दशांश! अहो श्यामलादेवी, एवढा फरक तर यंत्रायंत्रांतही असतो. सोडून द्या."

"सोडता येत नाही."

"मग कारण काय लिहायचं? पेटीची दुरुस्ती चालू होती असं लिहा."

"म्हणजे दुसरं खोटं."

त्यांनी टेबलाचा खण उघडला. मग त्यांनी लाल पेन पुढे केलं. तिनं तिन्ही आकड्यांवर एकेक रेघ मारली, खालचं दिसेल अशी, तसा नियमच आहे. बाजूला लिहिलं: वाचन घेतलं नाही, निरीक्षकाची प्रकृती बिघडली. सही केली. कारण विचारल्यावर सगळंच सांगितलं. ऑटोपासून.

"महिनाभर पियाली वाचेल," शेवटी मुखर्जीबाबू म्हणाले. "तुम्ही लिहा. मग डॉक्टरचं पत्र आणा, आपण बघू."

कुंपणाच्या फाटकाशी उभं राहून दुसऱ्याचे आकडे लिहिताना तिला वाटलं होतं त्याहून जास्त लागलं. पियाली अंश आधी सांगायची. "आधी दशांश," श्यामला फाटकातून म्हणायची, आणि पियाली पेटीत तोंड घालूनच कुरकुरायची, "बर्गी गेले, दशांश ठेवून गेले."

गोळी सुरू झाली. पहिले दहा दिवस जीव आणखीच कासावीस झाला, तिनं डॉक्टरांना फोन केला, मात्रा निम्मी झाली. दर गुरुवारी समुपदेशन असायचं. तिथली तरुण बंगाली समुपदेशक तिला लांब श्वास सोडायला शिकवायची, तोंडानं, फुंकर घातल्यासारखा. ज्या गोष्टीची तिला पेटीपाशी सव्वीस वर्षं मनाई होती नेमकी तीच. ऑटोत ती एक थांबा जायला लागली, मग दोन. झटके थांबले नाहीत. जानेवारीत दोन आले. विनायकनं व्हीआरएसचं नाव काढणं सोडलं नाही, फक्त रविवारपुरतं ठेवलं. "पुढच्या वर्षी बघू," ती म्हणायची. पुढच्या वर्षी काय करणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीत डॉक्टरांचं पत्र मिळालं, कामाला हरकत नाही. मुखर्जीबाबूंनी एकच अट घातली, वाचताना कुणीतरी सोबत हवं. पियाली वही घेऊन फाटकाशी उभी राहिली.

साडेआठ वाजले. श्यामलानं हात दाराच्या कडीला लावला आणि तिला ते येताना कळलं, आधी बोटांत, मग घशात. तिनं दार उघडलं नाही. पेटीकडे पाठ केली, कुंपणापलीकडच्या बकुळीकडे तोंड करून लांब फुंकर घातली. पुन्हा घातली.

"दीदी, मी वाचू?" पियालीनं विचारलं.

श्यामलानं मान हलवली, नको म्हणून. पियालीनं घड्याळ बघितलं आणि वही छातीशी धरली.

मग श्यामला वळली. श्वास सोडला, दार उघडलं, वाचलं, लावलं. कपाळावर घाम होता. आवाज दमलेला, रोजचाच.

"साडेआठ लिहू नकोस, आठ सदतीस लिही," ती म्हणाली. "हं, घे. चार. अठरा पूर्णांक चार."