कपाटातल्या बटाट्यांचं ऊन

आईशप्पथ, सगळं खरंय. म्हणजे निम्मं मी पाहिलंय आणि निम्मं ऐकलंय, पण सांगणारा तेव्हाही मीच होतो. ऐंशीच्या दशकातली आमची भिवंडीच्या कॉलेजातली बॉटनीची लॅबच तशी. किस्से धुळीसारखे साठायचे. पुसा, दुसऱ्या दिवशी परत!

माणसं तिघंच. पीएचडी करणाऱ्या कर्णिक मॅडम, लॅब सांभाळणारे पूर्णा गावचे घरतमामा आणि एमएस्सीचा मी.

मॅडमचा विषय झाडातला हायड्रोजन. एक साधा, एक भारी. उन्हात वाढलेल्या पानात भारी कमी, अंधारात जुन्या साठ्यावर जगलेल्या कोंबात जास्त. हा फरक मुंबईच्या मशीनवर दिसला, तरच पीएचडी!

*

पानफुटीचं पान सकाळी आंबट, संध्याकाळी सपक. रात्री आंबट साठवतं, दिवसा वापरतं. मी प्रिन्सिपॉल सरांना दोन्ही वेळा चाखवलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझी चव गेली रे."

"नाही सर, पानाची ड्युटी संपली."

*

तुलनेला ऊस हवा होता. अंबाडी गावातून आणला. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात चढताना म्हटलं, "भाई, इसमें भारी हायड्रोजन है."

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "फिर बीच में पकडो."

प्रत्येक वळणावर सगळ्या सवाऱ्या उसाच्या उलट बाजूला झुकल्या!

*

एका दुपारी लाईट गेली. गावभरचे पॉवरलूम थांबले. त्या शांततेनं अख्खं गाव दचकलं.

मामा म्हणाले, "आता झाडं ऐकू येतील."

आम्ही उभे. खरंच, बारीक कट्‌कट्‌! मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"मॅडम, त्यो माझा गुडघा हाय."

*

मॅडमनी बटाटे कपाटात, अंधारात कोंब काढायला ठेवले. उघडून बघतात तर कोंब हिरवेगार!

"मामा, यांना ऊन दाखवलंत?"

"मंग काय! आत कोमेजली पोरं. दुपारची जरा गच्चीवर न्यायचो."

मॅडम रडायच्याच बाकी. सबमिशन तोंडावर आलेलं.

*

पुन्हा बटाटे. आता कपाटाला कुलूप, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. कोंब निघाले पांढरेफटक. मॅडम खूश. कोंब मुंबईला गेले, रिझल्ट आला: भरउन्हात वाढलेले!

मॅडम स्टुलावर बसल्या. "मामा, खरं सांगा. कुलूप काढलंत?"

"न्हाय ओ. हातसुद्धा न्हाय लावला."

"मग?"

"रोज दुपारी कपाटाला पाठ लावून बसायचो. आज ऊन कुठवर आलंय, तेवढं सांगायचो त्यांना."

मॅडमनी पर्समधून किल्ली काढून कुलूप उघडलं. मग नवे बटाटे आत ठेवत हळूच म्हणाल्या, "मामा, उद्यापासून यांना अमावस्या सांगा."

पीएचडी मिळाली.

चला, चहाचे पैसे काढा. खारीचे पण.