डिझेल उतरलं की येतो

जीपवाला हॉर्न वाजवून राहिला होता, आन् मी आमच्या खेड्याजवळच्या गोरेगावच्या स्टँडवर इंजिन फिरवून चालू करायचं लोखंडी हँडल पिशवीत कोंबून राहिलो होतो. लोक हसले. "पुण्याला गिरणी घालता काय, बापू?" मी म्हणलो, "हँडल माझ्यापाशी असलं की माघारी माझं इंजिन कुणी चालवणार न्हाई, विकणारबी न्हाई." डिझेल परवडंना म्हणून पिठाची गिरणी बंद केली होती, पोराकडं चाकणला चाललो होतो. पोराची आई, आमची मालकीण, मात्र गाव सोडायला तयार नव्हती. जीपच्या दाराशी येऊन तिनं विचारलं, "येता कधी?" मी रागात होतो. म्हणलो, "डिझेल उतरलं की येतो."

बोलून बसलो. तीन वर्षं झाली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण इथं टीव्हीवर तेलाची बातमी लागली की आवाज वाढवतो. तेलाच्या विहिरीवाले देश एकत्र बसतात, तेल कमी काढायचं ठरवतात, म्हणजे भाव चढतो. आपल्या देशाचं बहुतेक तेल बाहेरचं, मग इथं ट्रकचं भाडं चढतं, भाजी चढते, पोराच्या कंपनीतली एक शिफ्ट बंद होते. सून म्हणते, "मामा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

कळतं मला. आमी तेच केलं होतं. डिझेल चढलं तवा आमी तीन गिरणीवाले हॉटेलात बसलो आन् ठरवलं, दळणाचा भाव वाढवायचा, कुणीच कमी घ्यायचं न्हाई. आठ दिवस बराबर चाललं. बायकांनी घरातली दगडी जाती काढली, कुणी नुसत्या कण्या शिजवल्या. नवव्या दिवशी बाजारातून येतो तर माझंच इंजिन पुकपुक करून राहिलेलं. मालकीण जुन्या भावानं दळत होती.

"काहून मोडलंस?"

"बाळंतिणीच्या घरचं पीठ सरलं. तुमचा ठराव तुमच्यापाशी ठेवा."

ते दोघं गिरणीवाले महिनाभर माझ्याशी बोलले न्हाईत. मी तिच्याशी. आता वाटतं, तेलवाल्या देशांच्या बैठकीत अशी एक बाई पाहिजे होती.

दर रविवारी तिचा फोन येतो. "उतरलं का?" मी म्हणतो, "न्हाई." ती म्हणते, "बरं, जेवा." 'या' म्हणणं तिला जमत न्हाई, 'येतो' म्हणणं मला.

गेल्या रविवारी तिचा आवाज पार बसला होता. सर्दी म्हणे. गोरेगावला दवाखान्यात जाऊन आली होती, जीपवाल्यानं पुन्हा भाडं वाढवलं म्हणून कुरकुरली. मग नेहमीचं, "उतरलं का?"

खिडकीतून पेट्रोल पंपाचा भावफलक दिसतो. डिझेलचा आकडा वरच गेलेला.

"व्हय," मी म्हणलो. "उतरलं."

ती म्हणाली, "बरं झालं. इंजिन पुसून ठेवते."

गावात राहिलेल्यांनो आन् माझ्यावाणी बाहेर पडलेल्यांनो, घर कुठं म्हणून कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगतो: जीपचं वाढलेलं भाडं देऊन आलेली, डिझेल उतरलं न्हाई हे ठाऊक असूनबी जिनं माझं खोटं खरं धरलं, ती हाय तिथं. हँडल पिशवीत भरलंय.