शून्य नको, हजार लिहा

अर्थखात्यातल्या त्या कारकुनाला सगळे हजारी म्हणतात. नवख्याला वाटतं, बक्कळ पैसेवाला असेल. कसलं काय! त्याच्या शर्टांच्या कॉलरी बायको उलटून शिवते. डावा डोळा काचेचा आहे, आणि नाव त्या डोळ्यापायीच पडलं.

त्या वर्षी राज्याची तिजोरी खडखडीत होती. पगार, पेन्शन, व्याज भागवताना नाकी नऊ आलेले. शाळेतलं जेवण आणि दवाखान्यातली औषधं यांना हात लावायचा नाही, असं ठरलं. मग कुऱ्हाड पडली गावोगावच्या रुग्णवाहिकांवर. सचिवांनी त्या ओळीपुढे सरळ शून्य मारलं.

"साहेब, शून्य नका टाकू. हजार तरी ठेवा," कारकून म्हणाला.

"हजारात एक टायर येत नाही!"

"टायरचं राहू द्या हो. शून्य झालं की ओळच पुस्तकातून उडते. परत आणायची म्हणजे दोन वर्षं खेटे. ओळ जिवंत असली, तर सहा महिन्यांनी पुरवणी मागणीत पैसे टाकता येतात."

सचिवांनी वैतागून शून्य खोडलं, हजार लिहिलं, सही ठोकली. "पाचच्या आत हा कागद छापखान्यात दे. नाही पोचला तर ते शून्यच छापतील."

शिक्के आणि नोंदी होईतो चार वाजले. कारकून जिन्यापर्यंत पोचला आणि खालून काचा फुटल्या. बातमी कुणीतरी अर्धीच फोडली होती: रुग्णवाहिकांना अख्ख्या वर्षाला हजार! ड्रायव्हर लोकांनी गाड्या फाटकात आडव्या घातल्या आणि चाकांचे पाने, सळया घेऊन वर घुसले. शिपायाचं डोकं फुटलं. कपाटं आडवी झाली. एका धिप्पाड ड्रायव्हरनं कारकुनाची मानगूट धरून त्याला भिंतीवर आपटलं. त्याची नजर कागदावर गेली.

"हजार? सतरा पोरं जन्मली रे माझ्या गाडीत, हरामखोरा! त्यांची किंमत हजार?"

"अरे, ऐकून तर..."

ऐकतो कोण! चाकाचा पाना थेट डोळ्यावर बसला. कारकून कोसळला. कुणी पोटात लाथ घातली, कुणी बुटानं हात चिरडला. दोन बोटं मोडली, तरी कागदावरची मूठ उघडली नाही. फरशीवर रक्ताचं थारोळं झालं तशी गर्दी पांगली. राहिला तो पाना हाणणारा. बारा वर्षांची सवय हो! रक्त दिसलं आणि त्यानं पाना टाकून स्ट्रेचर आणलं.

गाडीत कारकून शुद्धीवर आला आणि तुटक तुटक सगळं सांगू लागला. शून्य म्हणजे काय, हजार म्हणजे काय.

"वाजले किती?" कारकुनानं विचारलं.

"पाचला दहा कमी."

"छापखान्याकडे घे."

"वेडा झालास का? डोळा जाईल तुझा!"

"आणि ओळ गेली तर? घे म्हणतो ना!"

ड्रायव्हरनं शिवी हासडली, स्वतःलाच, आणि गाडी वळवली. रक्तानं माखलेला कागद पाचला दोन मिनिटं असताना छापखान्याच्या टेबलावर पडला. हजार आणि सही तेवढी वाचता येत होती. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणायचं होतं." ड्रायव्हर तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला.

सहा महिन्यांनी त्या ओळीवर पैसे पडले. गाड्या हलल्या.

खटला उभा राहिला, तेव्हा ड्रायव्हरनं गुन्हा आपणहून कबूल केला. न्यायाधीशांनी कारकुनाला विचारलं, "भरपाई किती मागता?"

"हजार."

"एका डोळ्याचे हजार? त्यापेक्षा सरळ माफच करा की."

"माफ केलंच आहे, साहेब," कारकून म्हणाला. "पण शून्य लिहू नका. शून्य लिहिलंत, तर मला तिथे डोळा होता हेच पुसलं जाईल."