कौलाआधी उघडलेले डोळे

दिनांक १२ जानेवारी १९३१ रोजी पोलादपूरकडच्या एका वाडीच्या पंचांनी महाडच्या कालिंदीबाईंना सतरा रुपये आठ आणे दिले. शिमग्याला निघणाऱ्या पालखीच्या पाठफळीवर देवीचे चित्र काढायचे होते. अट एकच: डोळे घरी काढायचे नाहीत, देवळात कौल घेऊन काढायचे.

कालिंदीबाई शाळामास्तरांच्या पत्नी. काचेवर चित्रे काढायला त्या माहेरी शिकल्या होत्या, पण बाहेरचे काम हे पहिलेच. ते नीट पार पडले तर चित्राखाली आपले नाव घालायचे आणि पुढे मुंबईच्या प्रदर्शनाला एखादे चित्र पाठवायचे, असे त्यांच्या मनात होते.

चेहरा रंगवून झाला आणि घरात भीती शिरली. चुलीपाशी बसले तरी ते बिनडोळ्यांचे तोंड पाठीला जाणवायचे. फळी भिंतीकडे वळवली, तर आता ती काय करत असेल, या विचाराने घास उतरेना. शेवटी एका दुपारी त्यांनी कुंचला घेतला आणि डोळे रेखून टाकले. देवी आता थेट त्यांच्याकडेच पाहत होती. त्यांनी घाईघाईने डोळ्यांवर सफेदा फासला.

ठरल्या दिवशी त्यांनी फळी देवळात नेली. तिथे उजेड तिरपा पडला आणि सफेद्याखालून दोन काळी बुबुळे दिसू लागली. भागोजी गुरवाने ती पाहिली. त्याने कौलासाठी देवीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. पडली ती डावी. लोक कुजबुजू लागले.

"मास्तरीणबाई, काय चुकलं आसंल तर आताच सांगा," भागोजी खालच्या आवाजात म्हणाला.

सांगितले तर फळी परत जाणार आणि पुन्हा कुठल्याही गावचे बोलावणे येणार नाही. न सांगावे, तर वाडीत कुणी तापाने पडले की नाव आपलेच निघणार. कालिंदीबाई पुढे झाल्या.

"डोळे मी घरीच काढले. मला भीती वाटली."

मग मागून म्हातारी ठकूबाई म्हणाली, "आंधळं तोंड घरात ठेवल्यावं भ्या वाटनारच गो बाय. मला तं डोळंवाल्या सासूचंबी वाटायचं."

दोघी-तिघी हसल्या. पंचांनी आपसांत बोलून ठरवले की देवीची ओटी भरून माफी मागावी आणि पुन्हा कौल लावावा. कालिंदीबाईंनी ओटीचे काहीच आणलेले नव्हते. भागोजीने खण आणि नारळ आपल्या घरून आणले. या वेळी उजवी पाकळी पडली.

त्यांनी सफेदा पुसला आणि तेच डोळे पुन्हा रेखले. डावा डोळा किंचित खाली उतरला. नाव घालू का, हे त्यांनी पंचांना विचारले. हो म्हणाले, तेव्हा कोपऱ्यात बारीक अक्षरांत घातले.

त्या वर्षी वाडीतून कुणी महाडच्या बाजाराला आले, की तिकडे कुणी आजारी नाही ना, हे कालिंदीबाई आधी विचारत. प्रदर्शनाला चित्र अजून गेलेले नाही. खण-नारळाचे अकरा आणे भागोजीला द्यायचे राहिले आहेत.