तीन पायांच्या भांड्याचा एक्स-रे

वेल्डिंगचे सांधे तपासणं हे माझं काम. पाइप आतून तडकलाय का, हे ऑकलंडच्या दक्षिणेला हॅमिल्टन शहरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी एक्स-रे काढून बघते. पुण्यातही हेच करायचे. त्यामुळे रोटोटुना उपनगरातल्या आमच्या शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "तुझ्या मशीनमध्ये एखादं जुनं भांडं मावेल का गं?" तेव्हा मी सहज हो म्हणून बसले.

ते निघालं चीनमधलं ब्राँझचं डिंग. तीन पाय, दोन उभे कान, अंगावर हिरवा थर. पूर्वजांना मांसाचा नैवेद्य दाखवायला हजारो वर्षांपूर्वी अशी भांडी ओतत आणि मेलेल्या माणसाबरोबर पुरतही. बाईंचे आजोबा चीनमध्ये मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर होते. बऱ्या झालेल्या रोग्याने त्यांना ते दिलं, असं घरात सांगत. आई गेल्यापासून ते बाईंच्या जेवणाच्या टेबलाशेजारी होतं. त्याला त्या कुणाला हात लावू देत नसत.

भांडण बाईंच्या धाकट्या भावाने काढलं होतं. तो म्हणायचा, "रेल्वेसाठी खणताना तिथली थडगी उघडी पडली. दलालांनी त्यातलं मिळेल ते परदेशी लोकांना विकलं. पूर्वजांचं भांडं कोण असं देऊन टाकेल? ते परत पाठवायचं." बाईंचं एकच, "नकली आहे. परदेशी लोकांसाठी तेव्हा ढिगाने नकला बनायच्या." नकली ठरलं तर ते घरी राहणार होतं.

साहेबांची परवानगी काढून शनिवारी दोघांना बोलावलं. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले होते. भाऊ फोन घ्यायला बाहेर गेला, तशा बाई माझ्याजवळ आल्या.

"काहीही दिसलं तरी नकली म्हण. तुझी लेक रोज शाळेतून माझ्याकडे येते. मी कधी काही मागितलंय?"

मी मशीन सुरू केलं. स्क्रीनवर चित्र उमटलं. भांड्याच्या भिंतीत ठिकठिकाणी छोटे चौकोन होते. मी आठवडाभर वाचत होते, त्यामुळे ओळखले. आतला आणि बाहेरचा मातीचा साचा एकमेकांना टेकू नये म्हणून जुने कारागीर मध्ये ब्राँझचे तुकडे ठेवत, ते हेच. एक पाय तेवढा नंतर सोल्डरने जोडलेला होता. बाई स्क्रीनकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

भाऊ आत आला. "काय निघालं?"

मी म्हटलं, "वय मला सांगता येणार नाही. पण ओतण्याची पद्धत जुनी आहे. नकलेत हे तुकडे सहसा नसतात."

बाईंनी भांडं टॉवेलात गुंडाळलं आणि छातीशी धरून निघून गेल्या.

नंतर कुंपणापाशी त्या दिसल्या की आत वळायच्या. माझी लेक शाळेतच थांबायला लागली. "इज शी मॅड ॲट अस, आई?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माझ्यावर."

मग एका सकाळी बाई दारात उभ्या. "ऑकलंडला म्युझियममधल्या एका तज्ज्ञ बाईंनी वेळ दिलीय. भावाच्या गाडीत मी बसणार नाही. तू नेशील?"

भांडं त्यांच्या मांडीवर होतं. ऑकलंडच्या अलीकडे बॉम्बे हिल्सच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. एकदा मी जोरात ब्रेक मारला, तेव्हा त्यांनी स्वतःला न सावरता भांडं सावरलं.

तज्ज्ञ बाईंनी हातमोजे घालून बराच वेळ ते निरखलं. भांडं जुनंच आहे, पण परत द्यायचं तर चीनला लिहावं लागेल, वर्षं लागतील, म्हणाल्या. "तोवर घरी ठेवलंत तरी चालेल."

शेजारच्या बाईंचा हात भांड्याच्या कानावर होता. मला वाटलं, आता उचलणार.

"इथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "घरी नेलं तर मी परत आणणार नाही."

पार्किंगमध्ये आल्यावर त्या गाडीला टेकून रडल्या. मी शेजारी उभी राहिले. चीनहून अजून उत्तर आलेलं नाही. भाऊ अधूनमधून बाईंना फोन करतो. गुडघ्यांबद्दल, हवेबद्दल बोलतात दोघं. भांड्याचा विषय कुणी काढत नाही.