रोखून ठेवलेल्या क्रॅनबेरी

त्या वर्षी क्रॅनबेरी फार पिकली. नवरा झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात होता आणि मी स्टुटगार्टबाहेरच्या, फळं साठवून विकणाऱ्या एका सहकारी संस्थेच्या ऑफिसात. सगळा माल एकदम बाजारात गेला तर भाव कोसळेल, म्हणून संस्थेने काही क्रेट रोखून धरले. त्यांची मेल्डुंग, म्हणजे सरकारी कार्यालयाला माहिती कळवायचा फॉर्म, माझ्याकडे आली. किती क्रेट, कुठल्या शीतगृहात, शेवटी त्या फळांचं काय केलं. न कळवता एकही क्रेट जागचा हलवायचा नाही. दर सोमवारी खाली माझी सही.

आकडा मला देत आमचे गोदामप्रमुख. साठी उलटलेले, उंच, अबोल गृहस्थ. मी नवीन होते तेव्हा माझं मोडकंतोडकं जर्मन पुरं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसे. हे मात्र वाक्य संपेपर्यंत मान कलती करून थांबायचे आणि म्हणायचे, "गेनाऊ." अगदी बरोबर! बरोबर नसलं तरी. त्यामुळे त्यांचा आकडा पडताळून बघावा असं माझ्या कधी मनातच आलं नाही.

नोव्हेंबरात कळलं, गुरुवारी तपासणी आहे. बुधवारी जेवणानंतर मी जाड जॅकेट चढवून शीतगृहात गेले आणि स्वतः मोजलं. फॉर्मवर दोनशे चौदा. रांगेत दोनशे पाच. पुन्हा मोजलं. दोनशे पाचच.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, नऊच क्रेट ना? नासले म्हणून लिहून टाक."

"माझी सही आहे रे त्याच्यावर."

"मग त्यांनाच विचार."

तेच तर जड जात होतं. पण गेले. त्यांनी मला नीट विचारूही दिलं नाही. हातमोजे काढत म्हणाले, "मीच नेले. चला, दाखवतो कुठे ते."

चढाच्या रस्त्याने दहा मिनिटांवर एक वृद्धाश्रम होता. तिथे खिडकीपाशी त्यांची बायको बसली होती. समोरच्या टेबलावर क्रेट. ती एकेक क्रॅनबेरी उचलायची, वीतभर उंचीवरून टेबलावर सोडायची. टणक फळ उडी मारतं, मऊ पडलेलं जागीच बसतं. उडालेलं एका वाडग्यात, बसलेलं दुसऱ्यात.

"आमच्याच गोदामात आयुष्यभर फळं निवडली हिने," ते हळू आवाजात म्हणाले. "आता मी कोण, हे तिला कळत नाही. दिवसभर स्वतःची बोटं ओरबाडायची. एकदा माझ्या खिशात चार बेऱ्या राहिल्या होत्या, त्या तिने घेतल्या आणि निवडायला लागली. बोटं ओरबाडणं थांबलं."

तिने मला पाहिलं. "नवीन आहेस ना? बस. घाई करायची नाही."

मी बसले. माझी पहिली बेरी टेबलावरून उडून थेट पलंगाखाली गेली. ती खळखळून हसली. गोदामप्रमुखांनी वाकून ती बेरी पलंगाखालून काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

परतताना म्हणाले, "उद्या मी सगळं सांगेन. तुमच्यावर काही येऊ देणार नाही."

ऑफिसात येऊन मी नियमांचे कागद पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचले. रोखलेली फळं वृद्धाश्रमाला फुकट देता येत होती. फक्त आधी कळवायचं आणि त्यांची पोच घ्यायची. एवढंच! मला लाज वाटली. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, आणि मी कागद वाचले नव्हते. मी दुरुस्तीचा फॉर्म भरला. नऊ क्रेट कुठे गेले, कुणी नेले, आणि मी न मोजता सह्या केल्या, हेसुद्धा. सोबत आणखी क्रेट आश्रमाला देण्याचा अर्ज.

गुरुवारी आलेल्या अधिकारी बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळं वाचलं. "दर आठवड्याला न मोजता?"

"हो."

त्यांनी आम्हा दोघांच्या नावाने लेखी ताकीद दिली. ती देताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. मग अर्ज पुढे ओढला आणि म्हणाल्या, "पोच दर वेळी हवी. आणि क्रेट या वेळी मोजा."

हिवाळाभर मी शनिवारी क्रेट पोचवत होते, सही घेत होते आणि तासभर निवडायला बसत होते. गोदामप्रमुखांची बायको दर वेळी मला विसरलेली असायची आणि नव्याने कामावर घ्यायची. निवडलेल्या फळांचा सॉस आश्रमाच्या स्वयंपाकघरात व्हायचा. उरलेला साठा रसाला गेला, तेही मी कळवलं. फळं संपल्यावर वाटाणे देऊन पाहिले, तर तिने ताट बाजूला सारलं. मग गोदामप्रमुख नुसते तिचे हात हातात धरून बसायचे, आणि तिला ते चालायचं.

वसंतात ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आता मला 'तू' म्हणा." इथली माणसं वर्षानुवर्षं 'तुम्ही' म्हणतात, 'तू' म्हणायला सांगणं म्हणजे आपल्या माणसांत घेणं. मी प्रयत्न केला. वडिलांच्या वयाच्या माणसाला 'तू' म्हणताना जीभच वळेना.

"राहू दे," ते हसून म्हणाले. "मी तुला 'तू' म्हणतो. तू तुला जमेल ते म्हण."